आडवा बल्ब

आमच्या मिरजेच्या घराचं रंगकाम काढलं होतं तेव्हाची गोष्ट. हॉलची भिंत घासून झाली की रंगारी मामा एक काम न चुकता करायचे. लांब वायरला लावलेला जुना पिवळा बल्ब हातात घ्यायचे, भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू सरकवत न्यायचे. एरवी गुळगुळीत वाटणारी भिंत त्या आडव्या उजेडात पार बदलून जायची. पट्टीच्या कडेने उमटलेल्या रेघा, कुठे उथळ खळगा, कुठे मसुराएवढा फुगवटा आणि प्रत्येकामागे त्याची त्याची लांबलचक सावली. नांगरून टाकलेलं रान टेकडीवरून दिसावं तसं. मामा फुगवट्याभोवती पेन्सिलीने गोल काढायचे आणि हाताखालच्या पोराला सांगायचे, "हितं घास. हितं भर."

मी चहाचे कप घेऊन मागे उभी असायची. मनात यायचं, अहो राहू द्या की तसंच. पण चाळीस वर्षं भिंती आरशागत करण्यात घालवलेल्या माणसाला असं सांगायचं धाडस काही झालं नाही.

रंगकाम संपलं, माणसं गेली आणि बाल्कनीत पुट्टीचं उरलेलं पोतं राहिलं. २० किलोतलं सहा-सात किलो असेल. दिवाणावरची भिंत नव्या रंगात भकास दिसत होती. पुण्याच्या सुनेने फोनवर एक फोटो पाठवला. पांढऱ्या फळीवर पांढऱ्याच जाडजाड लाटा, बाकी काही नाही. 'आई, हे तिथे छान दिसेल.' खाली किंमत होती, पाच आकडी. मी एकतीस वर्षं पतसंस्थेच्या कॅश काउंटरला काढली आहेत, त्यामुळे आकडा दिसला की त्याची फोड करायची खोड आहे. फळी एवढ्याची, वरचा पांढरा गिलावा एवढ्याचा, माणसाची दोन दिवसांची मजुरी एवढी. बेरीज काही केल्या पाच आकड्यांत जाईना. आणि तो पांढरा गिलावा तर माझ्या बाल्कनीत पडलेला.

म्हणून सुरुवात केली, आणि पहिलंच चित्र फसलं. ते कसं फसलं हे आधी सांगते, कारण या कामातलं निम्मं शिक्षण त्यात आहे.

स्टेशनरीच्या दुकानातून दोन फूट बाय तीन फुटांचा कॅनव्हास आणला. पुट्टी थालीपिठाच्या पिठासारखी भिजवली, चांगला अर्धा इंच थर थापला, काट्या-चमच्याने लाटा ओढल्या आणि लवकर वाळावं म्हणून वर पंखा लावून झोपले. सकाळी बघते तर मे महिन्यातल्या तळ्याचा तळ. आडव्या-उभ्या भेगाच भेगा. तरी मन मानेना, म्हणून दोन्ही कडांना धरून कॅनव्हास उचलला. कापड मधे झुकलं आणि पोळीएवढा तुकडा सुटून माझ्या पायावर पडला.

राहिलेले पैसे घ्यायला आलेल्या मामांना ते दाखवलं. त्यांनी तुकडा उलटापालटा केला. म्हणाले, "ताई, पुट्टी म्हंजी साय. सायीचा कुणी लाडू वळतं व्हय?"

यापेक्षा नेमकं मला कुणी समजावलेलं नाही. भिंतीची पुट्टी म्हणजे पांढरं सिमेंट, दगडाची अतिशय बारीक पूड आणि चिकटपणासाठी थोडी रसायनं. ती बनवलेलीच असते एक-दीड मिलिमीटरच्या थरासाठी. पाणी उडून जाताना ती आकसते. थर पातळ असेल तर सगळा एकदम आकसतो आणि खालच्या भिंतीला धरून राहतो. जाड थरात वरची बाजू आधी वाळते, आकसू बघते आणि खालची ओली बाजू तिला साथ देत नाही. मग वरची फाटते. त्यात मी पंखा लावला होता, म्हणजे फाटायला मदतच केली. शिवाय पांढऱ्या सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं, तेही पंख्याने पळवलं. आणि कॅनव्हास हे कापड. कापड वाकतं, सिमेंट वाकत नाही.

मग जाड थर टिकवायचा कसा? याचं उत्तर मला आजीच्या भिंतीत सापडलं, फार उशिरा.

आजीचं घर जत तालुक्यातलं. माळवदाचं, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचं. दसऱ्याच्या आधी घरातल्या सगळ्या बायका भिंतींना नवा गिलावा करायच्या. पांढरीची माती चाळून, भिजवून, पायांनी तुडवायची आणि तुडवताना तिच्यात गव्हाचा भुसा घालायचा. आम्ही पोरं विचारायचो, भुसा कशाला, तो तर बैलांचा. आजी म्हणायची, "माती धरून ठिवतो." एवढंच. तो भुसा भिंतीत सोनेरी काड्यांसारखा चमकायचा आणि भिंतीला भेग म्हणून नसायची.

हीच युक्ती केवढी जुनी आहे! अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या थरात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे अवशेष सापडल्याचं राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये मांडलं. नशेचा काही संबंध नाही. तंतू ओल्या थराला आतून शिवून ठेवतात. आकसण्याचा ताण एका जागी साठून भेग पडण्याऐवजी हजार ठिकाणी विभागला जातो. हे कळल्यावर मी घरातल्या सुतळीचे धागे सुटे केले, नखाएवढे कातरले आणि पुट्टीत घातले. अर्धा इंच अजूनही जमत नाही, पण तीन-चार मिलिमीटर बिनतक्रार बसतं. चित्राला तेवढं पुष्कळ झालं.

आता माझी पद्धत. कॅनव्हासऐवजी सहा मिलिमीटरची एम.डी.एफ.ची फळी घ्या, प्लायवूडही चालेल. सुताराकडून हव्या त्या मापाची कापून मिळते. मागे टांगायच्या कड्या आधीच स्क्रूने बसवून घ्या. मी एकदा चित्र पूर्ण झाल्यावर कड्या ठोकायला बसले आणि प्रत्येक ठोक्याला पुढून एकेक पापुद्रा सुटत गेला. फळीला काचपेपर मारून दोन्ही बाजूंनी प्रायमरचा एक हात द्या. पाठीलाही, कारण एकाच बाजूने ओल लागली की फळी पापडासारखी वळते.

चार वाट्या पुट्टी, पाऊण वाटी फेविकॉल आणि कातरलेली सुतळी एक मूठ. पाणी पाऊण वाटीपासून सुरू करून बेताबेताने वाढवायचं. मापापेक्षा हाताला कळतं. मिश्रण श्रीखंडापेक्षा घट्ट आणि पुरणापेक्षा सैल हवं. चमच्यावर घेऊन चमचा उलटा केला तर खाली पडता कामा नये आणि वर ओढलेलं टोक उभं राहायला हवं. एकदम सगळं कालवू नका. सिमेंटची पुट्टी तासा-दोन तासांत आवळायला लागते. आवळलेल्यात पाणी घालून ती पुन्हा सैल करायचा मोह होतो, मलाही झाला होता. ती सैल होते, पण वाळल्यावर बोटाने भुगा पडतो.

पहिला थर पातळ, आख्ख्या फळीवर, दाबून. तो मी मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने देते. पट्टीपेक्षा हाताला बरं लागतं आणि काउंटरची आठवण राहते. हा थर चार-सहा तास वाळू द्यायचा, सावलीत आणि पंखा बंद करून. मग त्यावर पाण्याचा हात फिरवून दुसरा, उठावाचा थर. दोन फूट बाय तीन फुटांच्या फळीवर तीन मिलिमीटर थराचं वजन सुमारे अडीच किलो होतं आणि तेवढंच जवळपास फळीचं. पाच किलो भिंतीला एका खिळ्यावर टांगू नये. दोन रावळप्लग मारून घ्यावेत.

पुट्टी नको असेल तर प्लॅस्टर ऑफ पॅरिस आहे. जिप्सम साधारण दीडशे अंशांपर्यंत तापवलं की त्याच्या अंगातलं पाऊण पाणी निघून जातं आणि ही पावडर होते. आपण पाणी घातलं की ती हरवलेलं पाणी परत घेते, गरम होते आणि पंधरा-वीस मिनिटांत दगड. फार आकसत नाही म्हणून भेगा कमी पडतात. पण ही पंधरा मिनिटंच आपली असतात, आणि माझ्यासारख्या रमतगमत काम करणाऱ्या बाईला ती पुरत नाहीत. कलासाहित्याच्या दुकानात तयार मॉडेलिंग पेस्टही मिळते. लोण्यासारखी, ना भेग ना घाई. छोट्या चित्राला उत्तम. मोठ्या फळीला लावायची तर मात्र ती पाच आकड्यांची किंमत हळूहळू समजायला लागते.

आता हत्यारं. बाजारात सुऱ्यांचे संच मिळतात, पण स्वयंपाकघर आणि माळा धुंडाळला तरी भागतं. जुन्या कंगव्याचे एकाआड एक दात तोडले की शेताच्या सऱ्या पडतात. गोणपाट दाबून उचललं की खरखरीत विणकाम. लाटण्याला तिरकी सुतळी गुंडाळून फिरवली की पाऊस. दुधाच्या पिशवीचा मेंदीसारखा कोन करून त्यातून दोऱ्यासारखी रेघ सोडता येते; कच्छच्या लिप्पनकामातली मातीची बारीक उठावाची नक्षी घरी करायची तर हाच सोपा मार्ग, मधे आभले बसवून. मूळ लिप्पन माती आणि जनावरांच्या शेणाचं. ते तिथल्या भुंग्यांच्या, म्हणजे मातीच्या गोल घरांच्या, भिंतींवर दिव्याच्या उजेडात लखलखावं म्हणून केलेलं असतं. पुट्टीतलं आपलं लिप्पन म्हणजे त्याची ओळख, एवढं मान्य करून खुशाल करावं.

सोऱ्याचं मात्र करू नका. चकलीच्या चांदणीतून पुट्टीची सुंदर काटेरी दोरी पडते, हे मला एका दुपारी सुचलं आणि ते खरंही निघालं. तीन दोऱ्या पडल्या. चौथीला दट्ट्या हलेना. पितळी सोऱ्या, सासूबाईंचा, त्यांच्या सासूबाईंकडून आलेला. आत पुट्टी आवळत चाललेली आणि मी टूथब्रश घेऊन मोरीत बसलेली. त्या दिवाळीला चकल्या विकतच्या आणल्या. आमच्या ह्यांनी कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

हे सगळं करून मी चार-पाच फळ्या भरल्या. मोराचा पिसारा झाला, सुरीने थापून उचललेल्या पाकळ्यांची फुलं झाली. ओळखीच्यांनी वाहवा केली. पण भिंतीवर टांगलं की काहीतरी हरवायचं. जमिनीवर बसून करताना जे दिसायचं ते वर गेलं की सपाट. एक दिवस संध्याकाळी वीज गेली. मी मोबाइलचा टॉर्च लावून दिवाणावर काहीतरी शोधत होते. उजेड खालून तिरका वर गेला आणि चित्र भिंतीतून बाहेर आलं. मामांचा आडवा बल्ब!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमचं चित्र खिडकीच्या अगदी समोरच्या भिंतीवर होतं. उजेड त्याच्या तोंडावर सरळ पडायचा आणि सरळ उजेडात उठावाला सावलीच नसते. पांढऱ्यावर पांढऱ्या चित्रात रंग कुठला? सावली हाच रंग. तीन मिलिमीटरच्या कंगोऱ्यावर पंचेचाळीस अंशांनी उजेड आला तर तीनच मिलिमीटर सावली पडते. तोच उजेड भिंतीला घासून, दहा अंशांनी आला तर सावली सतरा मिलिमीटर होते. म्हणजे पुट्टी तेवढीच, चित्र पाचपट. त्या दिवसापासून मी आधी भिंत बघते, मग फळी. सकाळी, दुपारी, संध्याकाळी उजेड कुठून शिरतो, रात्रीचा दिवा कुठे आहे. खिडकीच्या समोरची भिंत सोडून खिडकीच्या बाजूची भिंत धरायची. तिथे उजेड भिंतीला घासत जातो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आणि ती कुणी सांगत नाही. जी रेघ उजेडाच्या आड येते तिचीच सावली पडते. उजेडाच्या दिशेने पळणारी रेघ अदृश्य होते. बाजूच्या खिडकीतून उजेड येत असेल तर उभ्या रेघा बोलतात, आडव्या गप्प बसतात. छतातून खाली पडणाऱ्या दिव्याखाली बरोबर उलटं. माझ्या पहिल्या लाटा आडव्या होत्या. नव्या जागी, बाजूच्या खिडकीपाशी लावल्या असत्या तरी त्यांचं काही झालं नसतं.

मग कुठली रेघ दोन्हीकडे बोलेल? वळणारी. आणि वळणारी रेघ म्हटल्यावर पुन्हा आजीचं घर. गिलावा वाळला की बायका त्यावर शेणाचं सारवण करायच्या. चार बोटं पसरून, कोपर जागेवर ठेवून हात फिरवायचा की भिंतीवर पंख्यासारखा अर्धगोल उमटे. त्याच्या शेजारी दुसरा, थोडा पहिल्यावर चढलेला. कोणती कमान कुणाची हे आम्हाला ओळखू यायचं. थोरल्या काकीची लांब आणि मोकळी, धाकटीची आखूड आणि गच्च, आजीची सगळ्यांत खाली, कारण ती बसून सारवायची. कमान म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचं त्या बाईचं मापच.

मी हातमोजा घातला. पुट्टी-सिमेंट कातडी खातं, हे विसरू नका. दुसरा थर ओला असताना चार बोटं पसरून तेच केलं. कंगव्याने, सुरीने जे येत नव्हतं ते एका दमात आलं. कमानीचा एक भाग उजेडाच्या आड येतो आणि गडद होतो, दुसरा उजेडाबरोबर पळतो आणि विरघळतो. दुपारी साडेचारला डावीकडच्या कडा दिसतात. दिवा लावला की वरच्या. एकच चित्र दिवसातून तीन-चार वेळा स्वतःला बदलून घेतं. हात थरथरला तर थरथरही दिसते. ती पुसायची नाही. एकच बजावते, एका कमानीला एकच फेरा. परत हात फिरवला की पुट्टी चिवडल्यासारखी होते.

आता रंग. कुणाला पांढरं आवडत नाही, चालायचंच. सिमेंट पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस द्या आणि मग पाण्यात पातळ केलेला ॲक्रिलिक रंग फासून लगेच ओल्या फडक्याने पुसा. रंग खळग्यांत राहतो, कंगोरे उजळ राहतात. किंवा उलट, जवळजवळ कोरडा ब्रश कंगोऱ्यांवरून नुसता घासा. दोन्ही एकदम केलं की मिठाईच्या दुकानाची पाटी दिसते.

घरचा रंग म्हणून मी एकदा पुट्टीत हळद कालवली. मनात होतं शेवंतीचा पिवळा. हातातल्या घमेल्यात पिवळ्याचा बघता बघता लाल झाला, अगदी कुंकवाचा. घाबरून मी मागेच सरले. मग हसू आलं. कुंकू असंच तर होतं, हळदीला चुना लागला की. सिमेंटही चुन्याचाच भाऊ, क्षाराने भरलेला. ती लाल फळी मी बाल्कनीत ठेवली तर उन्हाने महिनाभरात तिचा रंग उडून मातकट झाली. हळद उन्हाला टिकत नाही. लाल हवा असेल तर काव किंवा गेरू घ्यावा, तो मातीचा असतो, जात नाही.

गेरूवरून एक आणखी सांगते, कारण ते मला या सगळ्यात जास्त आवडतं. सावंतवाडीकडे बहिणीच्या सासरी गेले होते तेव्हा एका जुन्या देवळाच्या भिंतीवर तांबड्या-पांढऱ्या वेली बघितल्या. जवळ जाऊन बोट लावलं तर रंगवलेल्या नव्हत्या, कोरलेल्या होत्या. ही कावी. गोवा, सिंधुदुर्ग आणि खाली कारवार-कुमठ्यापर्यंत जुन्या देवळांत ती दिसते. कृष्णानंद कामतांनी तिच्या नोंदी करून ठेवल्या नसत्या तर बऱ्याच भिंती नुसत्याच ऑइलपेंटखाली गेल्या असत्या. शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर तो ओला असतानाच तांबडा थर, गुळगुळीत गोट्याने घोटलेला. मग लोखंडी टोच्याने तांबडा थर खरवडायचा की खालचा पांढरा उघडा पडतो. चित्र वर चढवलेलं नसून भिंतीतून काढलेलं. म्हणून पावसाळ्यामागून पावसाळे गेले तरी राहतं.

घरी ते जमतं. फळीवर पांढऱ्या पुट्टीचा दोन मिलिमीटर थर, सुतळी न घालता, नाहीतर टोच्या अडकतो. तो हाताला ओलसर पण न चिकटणारा झाला की गेरू कालवलेल्या पुट्टीचा कागदाएवढा थर. वाटीच्या बुडाने घोटायचा. अर्ध्या-पाऊण तासाने बोट टेकवून बघायचं. बोटाला रंग लागला नाही पण थर थंड लागला, तीच वेळ. कंपासचं टोक किंवा विणायची जुनी सुई घेऊन कोरायला लागायचं. घाई केली तर कडा फरफटतात, उशीर केला तर टवके उडतात. मधला तासभर मिळतो. तेवढ्यात एक तुळशीवृंदावन, चार वेली होतात. मोठा बेत करू नका. जुन्या कारागिरांनीही भिंत तुकड्यातुकड्यानेच केली असणार, ओला गिलावा कुणासाठी थांबत नाही.

पांढऱ्यावर पांढरं हे नुसतं सजावटीचं फॅड आहे असं म्हणणाऱ्यांना मी कलावंत सोमनाथ होरांची 'जखमा' ही मालिका बघायला सांगते. छापील पुस्तकात बघितली तरी चालेल. १९७०च्या दशकात शांतिनिकेतनात त्यांनी मातीच्या पाट्यांवर सुऱ्यांनी, तापवलेल्या सळयांनी वार केले, त्यांचे सिमेंटचे साचे घेतले आणि त्यांत कागदाचा लगदा दाबून ठसे काढले. पांढऱ्या कागदात पांढऱ्या जखमा. बंगालचा दुष्काळ त्यांनी तरुणपणी डोळ्यांनी पाहिला होता. आपण दिवाणावर टांगायला कमानी करतो, तुलना नाहीच. पण उठाव आणि सावली एवढ्यावर काय काय बोलता येतं, याची कल्पना येते.

राहिलेलं भराभर. घासताना तोंडाला मास्क हवाच, ती धूळ छातीत बसते. ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नका, आणि लावलंच तर फळीमागे चारी कोपऱ्यांना बाटलीच्या रबरी बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळते. धूळ दाढीच्या ब्रशने झाडा, ओलं फडकं नको.

आणि घमेलं सिंकमध्ये धुऊ नका. मी प्लॅस्टर ऑफ पॅरिसचं धुतलं. पाइपात पाण्याखालीही ते घट्ट होतं, कारण त्याला वाळायचं नसतंच, पाणीच हवं असतं. प्लंबरने पाइपाचा वाक कापून काढला आणि हातात दिला. आत पांढरं, गुळगुळीत, अगदी पाइपाच्या मापाचं वळण. ते मी टाकलं नाही, खिडकीत ठेवलंय. उजेड बाजूने येतो तिथे बरं दिसतं.

गेल्या महिन्यात बाल्कनीच्या ग्रीलला रंग द्यायला मामा आले. चहा होईपर्यंत हॉलमध्ये टेकले. कमानींची फळी आता खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर आहे, आणि साडेचारची वेळ होती. मी आत असताना त्यांचा आवाज आला नाही म्हणून डोकावले. मामा चित्रासमोर उभे. मोबाइलचा टॉर्च लावून फळीला चिकटवून आडवा धरलेला, आणि सवयीने या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू सरकवत नेत होते. दुसऱ्या हाताची बोटं मागोमाग कमानींवरून फिरत होती. एकदा नेला, परत आणला, पुन्हा नेला.

मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ताई, पेन्सिल हाय का घरात?"